तिकिटावरचे तास आणि नकाशावरचे किलोमीटर

मागच्या अंकात प्रवासाबद्दलचे प्रश्न पाठवा असं म्हटलं होतं, आणि आलेल्या पत्रांमधली निम्म्याहून जास्त फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतात, की अमुक शहर विमानाने किती लांब आणि पोचायला नक्की किती वेळ. म्हणून यावेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय.

प्रश्न : मुलीचा दिल्लीत इंटरव्ह्यू आहे, सकाळी ११ वाजता, पहिल्यांदाच एकटी चाललीय. नेटवर पुणे-दिल्ली अंतर बघितलं तर एके ठिकाणी ११६० किमी, दुसरीकडे १४५०, तिसरीकडे पंधराशेच्या वर. यातला खरा आकडा कुठला? आणि विमान ताशी ८०० च्या वर जातं म्हणतात, मग दीड तासात पोचायला हवं ना, तिकिटावर सव्वादोन तास का लिहिलेत? पहाटेच्या फ्लाइटने त्याच दिवशी गेली तर जमेल का? (एक वडील, कोथरूड)

उत्तर : तिन्ही आकडे खरे आहेत, फक्त तीन वेगळ्या गोष्टींचे आहेत. ११६० हे सरळ रेषेतलं अंतर, म्हणजे लोहगावपासून (पुण्याच्या विमानतळापासून) दिल्लीच्या विमानतळापर्यंत पृथ्वीच्या पाठीवरून सगळ्यात जवळचा मार्ग काढला तर तो. १४५० च्या आसपासचं आहे ते रस्त्याने. आणि दीड हजाराच्या वरचं रेल्वेचं, कारण झेलम एक्सप्रेस दौंड, मनमाड, भुसावळ, भोपाळ, झाशी करत जाते, आणि दुरांतो कोकणाच्या बाजूने खाली उतरून वसई, सुरत, कोटा अशी, सरळ कोणीच जात नाही. कुठे ६२५ असा आकडा दिसला तर तोही चूक नाही, ते नॉटिकल मैल, वैमानिक त्यातच मोजतात, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी.

सरळ अंतर घरी काढायचं असेल तर कुठल्या साईटची गरजच नाही. उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे साधारण १११ किमी. पुणे साडेअठरा अंशांवर, दिल्ली साडेअठ्ठावीस, म्हणजे दहा अंश, झाले १११० किमी. पूर्व-पश्चिम फरक सव्वातीन अंशांच्या जरा आत, आणि आपल्या आणि दिल्लीच्या मधल्या पट्ट्यात तो एक अंश साधारण १०२ किमीचा भरतो (उत्तरेला जाल तसा लहान होत जातो), तर ते झाले सव्वातीनशे. आता या दोन बाजूंना शाळेतलं पायथागोरस लावा, ११५७ येतात. मुलीलाच करायला सांगा, इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री डोकं दुसरीकडे लागेल.

आता वेळेचं. एअरबस ३२० सारखं विमान वर गेल्यावर ताशी ८३० च्या आसपास पळतं हे बरोबर, पण ते *वर गेल्यावर*. तिकिटावर जो वेळ असतो त्याला ब्लॉक टाइम म्हणतात, विमान पुण्यात जागेवरून हललं की तो सुरू आणि दिल्लीत जागेवर येऊन थांबलं की संपला. म्हणजे त्यात लोहगावला धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, आणि लोहगाव हे मुळात हवाई दलाचं स्टेशन, धावपट्टी एकच आणि ती त्यांच्याबरोबर वाटून घ्यायची, त्यामुळे लढाऊ विमानांचं उड्डाण चालू असेल तर थांबायचं. मग वर चढायला वीसेक मिनिटं, त्यात वेग पूर्ण नसतो. १०,००० फुटांच्या खाली तर साधारणपणे २५० नॉटची मर्यादाच आहे, म्हणजे ताशी ४६३ किमी. उतरताना पुन्हा तेच, दिल्लीच्या दोनशे किमी अलीकडेच विमान खाली यायला लागतं, मग एटीसी (विमानांची वाहतूक नियंत्रित करणारे) ज्या रांगेत लावेल त्या रांगेत, वारा ज्या बाजूचा असेल त्याप्रमाणे वळसा घेऊन. आणि दिल्लीला चार धावपट्ट्या, लांबच्या धावपट्टीवर उतरलात तर टर्मिनलला यायलाच पंधरा-वीस मिनिटं जातात, खिडकीतून बघणाऱ्याला वाटतं हे रस्त्यानेच चाललंय की काय. या सगळ्यावर कंपनी आणखी थोडा वेळ पदरचा घालते, कारण वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत पोचलेलं विमान वेळेवर आलं असं धरतात, आणि तो टक्का सगळ्यांना चांगला दाखवायचा असतो. म्हणूनच कधीकधी अर्धा तास उशिरा सुटलेलं विमान वेळेवर पोचतं.

तर दीड तास हे गणित म्हणून बरोबर, प्रवास म्हणून नाही. आणि घरापासून मोजलंत तर सव्वादोन तासही नाही. बहुतेक कंपन्यांचं चेक-इन काउंटर फ्लाइटच्या तासभर आधी बंद होतं, बोर्डिंग गेट २५ मिनिटं आधी. म्हणजे सकाळी सहाच्या फ्लाइटला चारला लोहगावात, कोथरूडातून तीन-सव्वातीनला निघणं आलं. वनाज-रामवाडी मेट्रो त्यावेळी सुरू नसते, कॅबच. सव्वाआठला दिल्ली, बॅग, टॅक्सी, तिथला सकाळचा ट्रॅफिक, दहा वाजता कनॉट प्लेसला पोचली तर नशीब चांगलं. कागदावर जमतं हो. पण इंटरव्ह्यू डिसेंबर-जानेवारीत असेल तर दिल्लीचं धुकं सकाळीच असतं आणि त्या दिवसांत सकाळच्या फ्लाइट तासन्‌तास लटकतात.

माझं स्पष्ट मत, आदल्या दिवशी दुपारच्या फ्लाइटने पाठवा. एक रात्र राहण्याचा खर्च होईल तो होऊ दे, पोरगी रात्रभर जागून, पहाटे तीनला घर सोडून, विमानात घड्याळाकडे बघत त्या खोलीत जाणार असेल तर तिने केलेल्या तयारीचा उपयोग काय.

प्रश्न : काका, माझा डाउट आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग विमान नुसतं वर जाऊन थांबलं तर खालून मुंबई, मग दुबई असं आपोआप यायला पाहिजे ना? आणि पूर्वेला जाताना जास्त वेळ लागायला पाहिजे, कारण शहर पुढे पळतंय. पण बाबा म्हणतात उलटं होतं. (इयत्ता नववी, चिंचवड)

उत्तर : डाउट एकदम चांगला आहे, आणि बाबा बरोबर आहेत. पुण्याच्या इथे जमीन ताशी जवळजवळ १५८० किमी वेगाने पूर्वेकडे चाललीय, विषुववृत्तावर तर १६७०. पण हवा पण तिच्याबरोबर चाललीय ना! तू धावत्या एसटीत बसून शेंगदाणा वर उडवलास तर तो मागच्या सीटवरच्या आजोबांच्या डोक्यात पडत नाही, तुझ्याच हातात येतो, तसंच. विमान उडायच्या आधी जमिनीबरोबर त्याच वेगाने चाललेलं असतं आणि उडाल्यावर त्याच फिरणाऱ्या हवेत असतं, त्यामुळे पृथ्वीच्या फिरण्याचा थेट फायदाही नाही आणि तोटाही नाही.

फरक पडतो तो वाऱ्याने. हिवाळ्यात उत्तर भारतावर साधारण १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा एक जोरदार पट्टा असतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, ताशी दीडशे किमी आणि कधी त्याहून बराच जास्त. आता तू गणित कर, विमानाचा हवेतला वेग ८३०, पाठीमागून वारा १५० चा, म्हणजे जमिनीवरून बघितलं तर ९८०. येताना तोच वारा समोरून, राहिले ६८०. दिल्ली-कोलकाता १३०० किमी धर आणि दोन्हीकडून भागून बघ, एका बाजूने एक तास वीस मिनिटं, दुसऱ्या बाजूने एक तास पंचावन्न. खऱ्या प्रवासात एवढा फरक पडत नाही कारण विमान सगळा वेळ त्या पट्ट्यात नसतं, वैमानिक उंची बदलून बघतात, तरी पंधरा-वीस मिनिटं सहज. आपल्या पुण्याहून कोलकात्याला जाताना आणि येताना पण टाइमटेबलमध्ये हा फरक दिसतो, कधी शोधून बघ.

आणि एक गंमत सांगतो जी पुस्तकात बहुतेक नसेल. पावसाळ्यात दक्षिण भारतावर बरोब्बर उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा जेट तयार होतो, आणि त्याचा अभ्यास करून तो जगासमोर मांडला आपल्याच हवामान खात्यातल्या पी. कोटेश्वरम यांनी, १९५० च्या दशकात. आपल्या मान्सूनशी त्याचं जवळचं नातं आहे. तू पुण्यातच राहतेस, हवामान खात्याचं शिवाजीनगरचं ऑफिस म्हणजे सिमला ऑफिस, आणि पाषाणला उष्णदेशीय हवामानावर संशोधन करणारी आयआयटीएम, दोन्ही तुझ्या शहरात आहेत, शाळेतल्या बाईंना भेट ठरवायला सांग.

प्रश्न : मुलगा दुबईला असतो. त्याने आम्हा दोघांचं तिकीट काढलं. पुण्याहून रात्री ८ ला निघून ९.५० ला पोचणार असं लिहिलंय, म्हणजे पावणेदोन-दोन तास. पण परतीचं रात्री ११ ला निघून पहाटे ३.३० ला पुणे, म्हणजे साडेचार तास. येताना विमान लांबून फिरवून आणतात का? ह्यांना शुगर आहे, जेवणाच्या वेळा बघाव्या लागतात म्हणून विचारते. (हडपसर)

उत्तर : ताई, फिरवून वगैरे काही आणत नाहीत. तिकिटावर निघायची वेळ निघण्याच्या गावची असते आणि पोचायची वेळ पोचण्याच्या गावची, दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. म्हणजे तिथे ९.५० वाजलेले असतील तेव्हा तुमच्या हातातल्या घड्याळात ११.२० झालेले असतील, खरा प्रवास ३ तास २० मिनिटांचा. येताना दुबईत ११ म्हणजे आपले साडेबारा, तिथून साडेतीन, म्हणजे तीन तास. साधारण २०५० किमी आहे, त्या मानाने बरोबर वेळ, आणि येताना जरा कमी लागतो तो वर त्या नववीतल्या मुलीला सांगितलेल्या वाऱ्यामुळे.

घड्याळांचा फरक माहीत नसला तरी खरा वेळ काढायची एक सोपी युक्ती आहे. जातानाचा दिसणारा वेळ आणि येतानाचा दिसणारा वेळ यांची बेरीज करा आणि अर्धी करा. १ तास ५० आणि ४ तास ३०, मिळून ६ तास २०, त्याचे अर्धे ३ तास १०. एकीकडे जेवढे कमी दिसतात तेवढेच दुसरीकडे जास्त दिसतात, त्यामुळे ते आपोआप वजा होतं. सिंगापूरला पण हेच चालतं, तिथलं घड्याळ अडीच तास पुढे म्हणून तिकडे जाताना उलटा गोंधळ होतो.

शुगरचं मात्र नीट लक्षात घ्या. गोळी किंवा इन्सुलिन आणि जेवण हे त्या दिवशी भारतीय घड्याळानेच चालू द्या, तिथे पोचून झोपून उठलात की मग दुबईच्या वेळेवर या, दीड तासाचाच फरक आहे, पण इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना निघायच्या आधी एकदा तिकीटच दाखवा. रात्री ८ च्या इंटरनॅशनल फ्लाइटला तीन तास आधी म्हणजे पाचला विमानतळावर, हडपसरहून मुंढवा-खराडीच्या ट्रॅफिकमधून त्यासाठी साडेतीनलाच निघायला लागणार. म्हणजे दुपारचं जेवण आणि विमानातलं जेवण यात आठ-नऊ तासांची गॅप पडते आणि ती धोक्याची आहे, डब्यात दोन पोळ्या-भाजी ठेवा, कोरडं खाणं न्यायला अडवत नाहीत. औषधं केबिन बॅगेत, चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, चिठ्ठीसकट.

प्रश्न : न्यू यॉर्कच्या विमानाचा मार्ग सीटसमोरच्या स्क्रीनवर बघितला तर ते सरळ पश्चिमेला न जाता वर उत्तरेकडे वाकून जातं. सरळ गेलं तर इंधन वाचणार नाही का? आणि हल्ली वेळ वाढलाय असं ऐकलं, खरं का? (औंध)

उत्तर : ते वाकलेलं दिसतं तेच सरळ आहे. नकाशा सपाट आहे, पृथ्वी नाही. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबई आणि न्यू यॉर्कवर दोरा धरून ताणा, तो आपणहून युरोपच्या वरच्या अंगाने आणि ग्रीनलंडच्या खालून जाईल. साडेबारा हजार किमीच्या आसपास आहे. आपण सपाट नकाशा बघतो तो बहुतेक मर्केटरच्या पद्धतीचा, ती १५६९ ची, जहाजांना दिशा धरून जायला सोपं पडावं म्हणून केलेली, त्यात उत्तरेकडचं सगळं ताणलं जातं.

वेळ वाढलाय हे खरं. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय कंपन्यांना बंद आहे, त्यामुळे त्यांना खाली अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागतो, आणि त्याचा सगळ्यात जास्त फटका दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांना. २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै असंच झालं होतं. नकाशावरचं अंतर तेवढंच राहतं, उडायचं अंतर वाढतं. म्हणून लांबच्या प्रवासाचा वेळ जुन्या माहितीवरून धरू नका, त्या तारखेचं तिकीट उघडूनच बघा. ढोबळ मानाने मुंबई-न्यू यॉर्क थेट विमानाने जाताना सोळा तासांच्या आसपास आणि येताना दीड-दोन तास कमी.

इथे आई-बाबांना पाठवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. 'डायरेक्ट' आणि 'नॉन-स्टॉप' हे एक नाही. डायरेक्ट म्हणजे फ्लाइट नंबर बदलत नाही, पण मध्ये ती उतरू शकते. अजिबात उतरायचं नसेल तर नॉन-स्टॉप हाच शब्द बघा. आणि अमेरिकेचं घड्याळ मार्च आणि नोव्हेंबरमध्ये एक तास हलतं, न्यू यॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे आणि हिवाळ्यात साडेदहा, त्यामुळे एअरपोर्टवर घ्यायला येणाऱ्या मुलाला भारतीय वेळ नका सांगू, तिकीटच फॉरवर्ड करा.

प्रश्न : पुणे-नागपूर विमान परवडतं का? अंतर तर फार नाही. (पिंपळे सौदागर)

उत्तर : सरळ रेषेत ६०० किमीच्या जरा वर, रस्त्याने सातशेच्या पुढे आणि रेल्वेने जवळजवळ नऊशे, कारण गाडी दौंड, मनमाड, भुसावळ असा मोठा वळसा घेते. विमान सव्वा ते दीड तास. घरापासून घरापर्यंत धरलं तर पाच तास, सोनेगावचा विमानतळ गावातच आहे म्हणून नागपूरच्या बाजूला वेळ फारसा जात नाही. ऑगस्ट २०२५ पासून अजनी-पुणे वंदे भारत आहे, ८८१ किमी, बारा तास, पण दिवस त्यातच जातो. एकटे असाल आणि तिकीट महिनाभर आधी काढलंत तर विमान, चौघं असाल आणि सामान असेल तर रात्रीची गाडी. ज्यांना मध्ये अकोला, बडनेरा, वर्ध्याला उतरायचंय त्यांनी विमानाचा विचारच करू नये.

प्रश्न : तिकिटावर १५ तारीख, वेळ ००.१०. आम्ही १५ ला रात्री जायचं की १४ ला? घरात दोन गट पडलेत. (सहकारनगर)

उत्तर : १४ ला रात्री. घरून १४ चं जेवण करून निघायचं, नऊ-साडेनऊच्या आत लोहगावात. १५ ला रात्री गेलात तर विमान चोवीस तासांपूर्वी गेलेलं असेल आणि नवीन तिकीट काढावं लागेल. कॅलेंडरवर १४ च्या चौकोनातच लिहून ठेवा.

प्रश्न : आमची दिल्लीची फ्लाइट आदल्या रात्री मेसेज पाठवून रद्द केली. कंपनी म्हणते तिकिटाचे पैसे परत देतो, बाकी काही नाही. असं चालतं का? (एक ज्येष्ठ नागरिक, बिबवेवाडी)

उत्तर : नाही चालत, आणि इथेच तो वरचा ब्लॉक टाइम तुमच्या कामाला येतो. डीजीसीएच्या (विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या) नियमात, वेळेत न कळवता रद्द केली तर भरपाई अंतरावर नाही, ब्लॉक टाइमवर ठरते. एक तासापर्यंतच्या फ्लाइटला ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५००, दोन तासांच्या वर १०,०००, किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. पुणे-दिल्ली दोन तासांच्या वर म्हणून तुम्ही १०,००० च्या गटात, नागपूर असती तर ७,५००. हे तिकिटाच्या परताव्याशिवाय वेगळं. मात्र कारण धुकं, वादळ, एटीसी, सुरक्षा असं कंपनीच्या हाताबाहेरचं असेल तर भरपाई मिळत नाही, परतावा किंवा दुसरी फ्लाइट तेवढी मिळते, म्हणून आधी त्यांच्याकडून रद्द करण्याचं कारण लेखी मागा, फोनवर नको, ईमेलवर.

तो रात्रीचा मेसेज डिलीट करू नका, वेळेसकट त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, नातवंडांना सांगा ते काढून देतील. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पीएनआर टाकून ईमेल करा, आणि तिथे दाद लागली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा ॲपवर तीच तक्रार टाका, सोबत तिकीट, मेसेज आणि कंपनीचं उत्तर जोडा. तिकीट एजंटने काढलं असेल तर परताव्याचे पैसे त्याच्याकडे जातात, तेव्हा त्यालाही आजच फोन करा.